प्रोंतो

पेनिशच्या आमच्या कारखान्यात
सार्डिनच्या मुंडक्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.
मी अदेरितोच्या ‘प्रोंतो’चा ठेवते.

प्रोंतो म्हणजे झालं.
प्रोंतो म्हणजे तयार आहे.
म्हणजे बरं, म्हणजे असो, म्हणजे आता काय बोलणार.
अदेरितोच्या तोंडी मात्र
प्रोंतो म्हणजे काहीच नाही,
वाक्य चघळून झाल्यावर थुंकलेली ऑलिव्हची बी.

“बर्फ आला नाही, प्रोंतो.”
“तीन नंबरचं मशीन पुन्हा अडकलंय, प्रोंतो.”
“बायकोचं पित्ताशय काढलं मंगळवारी, प्रोंतो,
खडे बाटलीत भरून दिलेत,
आणतो उद्या, प्रोंतो, बघा.”

दर प्रोंतोला मी एक रिकामं झाकण बाजूला काढते.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे चौदा.

ग्रासिंदाला हे पटत नाही.
“खरं सांगू का,” ती म्हणते,
गेली चोवीस वर्षं ती असंच म्हणते,
मासे महागले हेही ती मला खरं सांगू का विचारूनच सांगते,
म्हणजे एरवी काय सांगत होतीस गं, ग्रासिंदा?
तर, “खरं सांगू का,
तुझीही झाकणं मोजलीत मी.”
आणि टेबलाखालून चळत काढली, कोपराएवढी उंच.
मी काय म्हणते,
त्यात निम्मी तरी तिनं उगाच घातली असणार.

मार्चमध्ये लेस्या आली, खेरसोनकडची.
भाषेचा गंध नाही.
पहिल्या आठवड्यात एकच शब्द शिकली,
कानावर सर्वांत जास्त पडणारा,
आणि तो तिला नमस्कार वाटला.
फाटकावरच्या म्हाताऱ्याला प्रोंतो,
बसच्या ड्रायव्हरला प्रोंतो,
धक्क्यावरच्या एककानी मांजरालाही.
बेकरीत पावाकडे बोट दाखवून प्रोंतो म्हणाली
आणि पाव मिळाला.
म्हणजे तिचं तरी काय चुकलं?

एकदा शेजारी बसवून समजावलं तिला.
डबा घेतला, पाच मासे निजवले, डोकं-शेपूट, डोकं-शेपूट,
तेल ओतलं, झाकण दाबलं:
प्रोंतो.
तिनं मान डोलावली.
मग कात्रीच्या टोकानं अदेरितोकडे दाखवलं.
तो कुणाला तरी खड्यांची बाटली दाखवत होता,
प्रोंतो, प्रोंतो, प्रोंतो.
तिच्या भुवया विचारत होत्या, इथं काय झालं?
मला सांगता येईना.

ऑक्टोबरात ऑफिसातून कागद आला.
अदेरितोनं आम्हांला मशीनपाशी गोळा केलं
आणि वाचला, शाळेतल्या पोरासारखा, बोट धरून.
एक लाइन बंद होणार.
सतरा नावं.
माझं नव्हतं. ग्रासिंदाचं होतं, नववं.
लेस्याचं शेवटून दुसरं, आणि चुकीचं लिहिलेलं.
त्यानं कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली,
परत काढली,
आणि गप्प.

आम्ही उभ्या. कात्र्या हातात.
कुणी हललं नाही.
रडणं नव्हतं ते, रडायला घरी वेळ होता.
आम्ही वाट बघत होतो.
वाक्य अजून उघडं होतं,
झाकण न लावलेलं,
जणू तो शब्द पडेस्तोवर
एखादं नाव अजून काढून घेता येईल.
ग्रासिंदासुद्धा काही खरं सांगेना.
माझ्या जिभेच्या टोकावर आला होता,
मी गिळला.

तेवढ्यात मागचं दार ढकलून लेस्या आली,
बस चुकलेली, केस ओले, टोपी दातांत.
टोपी काढली,
सगळ्यांना मिळून हात केला
आणि हसून म्हणाली,
“प्रोंतो!”

“सुप्रभात, लेस्या,” अदेरितो म्हणाला.
हळू, एकेक अक्षर सुटं करून,
शिकवल्यासारखं.

मी सवयीनं एक झाकण उचललं.
कुणाच्या चळतीवर ठेवायचं
ते कळेना.